वाचकांचे प्रश्न : पासपोर्ट एकच, मग फरक कसा?

प्रश्न : माझ्या भावाचा जन्म १९५८ चा, गोव्यातला. लिस्बनला त्याची जन्मनोंद झाल्यावर त्याच्या दोन्ही मुलांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळाले. थोरला भाचा २०१४ मध्ये इंग्लंडला गेला आणि आजही तेथेच नोकरी करतो. धाकटा गेल्या वर्षी त्याच्याकडे जाऊन नोकरी करायला निघाला, तर व्हिसा लागेल असे कळले. शेवटी तो जर्मनीला गेला आणि तेथे व्हिसा लागला नाही. विचारले तर थोरला लिस्बन कराराचे नाव घेतो, धाकटा मास्ट्रिक्टचे. आणखी कोठे रोमच्या कराराचा उल्लेख वाचला. एका युरोपीय महासंघाला इतके करार कशाला? नवा झाला की जुना रद्द होत नाही का?
— एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : सहसा रद्द होत नाही. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा, १९८७ मध्ये, छप्पन्नावी घटनादुरुस्ती झाली. तिने राज्यघटनेत गोव्याच्या विधानसभेविषयीचे कलम घातले, नवी राज्यघटना आणली नाही. युरोपातील बहुतेक करार याच प्रकारचे आहेत. लिस्बन कराराची प्रत उघडली तर पानोपानी ‘अमुक कलमातील तमुक शब्दांऐवजी हे शब्द घालावेत’ असाच मजकूर दिसतो, आणि मूळ करार शेजारी ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. ते मूळ करार म्हणजे १९५७ चा रोमचा आणि १९९२ चा मास्ट्रिक्टचा. रोमच्या कराराचे नाव पुढे बदलले. तरी दुरुस्त स्वरूपात दोन्ही आजही लागू आहेत.

त्याही आधीचा, १९५१ चा पॅरिसचा करार मात्र ५० वर्षांच्या मुदतीचा होता आणि २००२ मध्ये मुदत भरून संपला. तरीही या साऱ्या इतिहासात मला सर्वांत धाडसी वाटतो तो हाच करार. युद्ध संपून सहा वर्षेही झाली नव्हती, आणि फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा देशांनी आपला कोळसा व पोलाद एका सामाईक अधिकारमंडळाच्या देखरेखीखाली दिले. तोफा आणि रणगाडे ज्यातून घडतात तोच माल शेजाऱ्यांच्या नजरेखाली आला, म्हणजे चोरून युद्धाची तयारी करणे अवघड झाले. रोमच्या कराराने हीच रीत साऱ्या बाजारपेठेला लावली आणि कामगारांना एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन काम करण्याची मुभा दिली.

आता इतके करार का, ते पाहू. आपल्याकडे घटनादुरुस्ती संसदेतील ठरावीक बहुमताने होते. तेथे मात्र करारावर प्रत्येक सदस्य देशाची सही लागते, आणि नंतर प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने, म्हणजे संसदेत किंवा सार्वमताने, त्याला मान्यता द्यावी लागते. एकाने नाही म्हटले की गाडी अडते. मास्ट्रिक्टचा करार डेन्मार्कच्या मतदारांनी १९९२ मध्ये थोड्या मतांनी फेटाळला, तेव्हा युरो चलनासह काही बाबतींत त्या देशाला सवलती देऊन पुढच्या वर्षी पुन्हा मत घ्यावे लागले. आयर्लंडमध्ये असे दोनदा घडले. युरोपची राज्यघटना म्हणून तयार केलेला करार २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या सार्वमतांत पडला. पण त्यातील पुष्कळसा भाग ‘राज्यघटना’ हा शब्द वगळून लिस्बन करारात परत आला. लोकांनी नाकारलेली गोष्ट अशी दुसऱ्या दाराने आणणे मला रुचत नाही.

याचा परिणाम असा की प्रत्येक करार सर्वांत नाखूश देश जेथपर्यंत येईल तेथपर्यंतच जातो, आणि उरलेले काम पुढच्या करारावर पडते. महासंघाच्या नेहमीच्या निर्णयांत कोणत्या देशाच्या मताला किती वजन, हा प्रश्न १९९७ च्या ॲम्स्टरडॅम करारात सुटला नाही. २००१ च्या नीस करारात तो कसाबसा सुटला. लिस्बनने नियम केला की बहुतेक निर्णयांसाठी किमान ५५ टक्के देश आणि त्यांच्याकडे एकूण ६५ टक्के लोकसंख्या हवी.

आता आपल्या भाच्यांविषयी. त्यांच्या पासपोर्टवर ‘पोर्तुगाल’च्या वर पोर्तुगीज भाषेत ‘युरोपीय महासंघ’ असे छापलेले आपल्याला दिसेल. ‘पोर्तुगाल’ हा शब्द तेथे कामाचा ठरला तो १ जानेवारी १९८६ पासून, कारण त्या दिवशी तो देश सदस्य झाला. त्याआधी १२ जून १९८५ रोजी लिस्बनच्या जेरोनिमुश मठात प्रवेशाच्या करारावर सह्या झाल्या होत्या. वास्को द गामाची कबर आहे तोच हा मठ. वरच्या ओळीला वजन दिले मास्ट्रिक्टने : सदस्य देशाचा प्रत्येक नागरिक महासंघाचाही नागरिक, आणि त्याला इतर सदस्य देशांत जाऊन राहण्याचा हक्क. धाकटा जर्मनीत राहतो तो या हक्कावर.

लिस्बन करारावरही १३ डिसेंबर २००७ रोजी त्याच मठात सह्या झाल्या. ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन उशिरा पोहोचले आणि समारंभ आटोपल्यावर त्यांनी एकट्याने सही केली. त्याच कराराने महासंघातून बाहेर पडण्याची रीत प्रथमच कलमबद्ध केली, ते ५० वे कलम. २०१७ मध्ये ब्रिटनने त्याच कलमाखाली नोटीस दिली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश बाहेर पडला. संक्रमणाचा काळ त्या वर्षअखेर संपला. तोवर तेथे कायदेशीर राहत असलेल्यांचे हक्क बाहेर पडण्याच्या करारात राखले गेले, म्हणून थोरला तेथे राहू शकतो. धाकट्याला ती तारीख चुकली.

मात्र थोरल्याला एक गोष्ट जरूर विचारा. तो हक्क टिकण्यासाठी ब्रिटिश सरकारच्या योजनेत अर्ज करावा लागत होता, आणि त्यात कायम व तात्पुरता असे दोन दर्जे आहेत. कायम दर्जा असला तरी सलग ५ वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिल्यास तो जातो. तेव्हा गोव्यात दीर्घ मुक्कामाचा त्याचा विचार असेल, तर आधी आपला दर्जा पाहून मगच त्याने तारखा ठरवाव्यात.