बोटीचं इंजिन बांधायचं (खोलून दुरुस्त करायचं) की बदलायचं?

भावा, बोटीच्या इंजिनाचं ऑइल दुधासारखं पांढरं झालंय म्हणून लगेच नवीन इंजिनाचं कोटेशन मागवू नकोस. आधी बघ, आत शिरलेलं पाणी खारं आहे की गोडं. गोडं, म्हणजे कूलंटचं (इंजिन थंड ठेवणारं) असेल तर बऱ्याचदा हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर बदलून भागतं. खारं, म्हणजे समुद्राचं असेल तर थांबू नकोस. आजच ऑइल काढ, स्वच्छ ऑइल घालून फिरव, परत काढ. बेअरिंगला गंज लागायला फार दिवस लागत नाहीत.

मग मशीन पूर्ण खोलून घे आणि ब्लॉकची (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याची) प्रेशर टेस्ट कर. लायनर, पिस्टन, रिंगा बदलता येतात, क्रँक ग्राइंड होतो. पण ब्लॉकला तडा असेल किंवा क्रँक शेवटच्या अंडरसाइजलाही (घासून जितका बारीक करता येतो त्या शेवटच्या मापालाही) बसत नसेल, तर पैसे घालू नकोस. मिस्त्रीचा अंदाज नव्याच्या निम्म्यावर गेला, तरी मी नवीनच घेईन.

नव्याचा हिशोब मात्र नीट कर. वेगळं मॉडेल आलं की फाउंडेशन, कपलिंग, एक्झॉस्ट, कधी गिअरचा रेशो आणि पंखासुद्धा (प्रोपेलर) बदलावा लागतो. हा खर्च दुकानदार सांगत नाही. सुटे भाग रत्नागिरीत मिळतात का, तेही आधी विचार. १ जूनला मासेमारीबंदी लागली की वर्कशॉपं भरतात, म्हणून मिस्त्रीला आत्ताच गाठ.