जुनी जिप्सी घेतलीस, आता आधी हे बघ

मोठे टायर आणि लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) सध्या विसर. पहिले पैसे ब्रेक, स्टिअरिंग आणि गंजावर घाल. गाडी रॅम्पवर चढवून चासीला (खालच्या सांगाड्याला), विशेषतः लीफ स्प्रिंगच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे ती चासीला जोडलेली असते तिथे, स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. गाडी कोकणात वापरलेली असेल तर नक्कीच. पत्रा भुसभुशीत लागला तर आधी वेल्डिंग, बाकी सगळं नंतर.

वेगात स्टिअरिंग थरथरतं म्हटलं की बरेच जण नुसतं व्हील बॅलन्सिंग करून परत पाठवतात. तू पुढचं चाक उचल (स्टँड लावूनच), वरून-खालून धरून हलव. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांग. तरीही राहिला तर दोष बहुधा किंगपिन बेअरिंगचा (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं), गेला तर व्हील बेअरिंगचा.

कोरड्या डांबरावर फोर व्हील ड्राइव्ह लावू नकोस. हिला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, त्यामुळे वळणावर सगळा ताण ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) येतो. चिखलात मात्र रुतायच्या आधीच लाव.

ओढा पार केलास तर अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलचं ऑइल तपास. तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात एकदम थंड होतो आणि ब्रीदर (अ‍ॅक्सलमध्ये हवा ये-जा करायची वाट) तुंबलेला असला तर सीलमधून पाणी ओढून घेतो. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदल.