कमरेला सेन्सर बांधण्यापूर्वी
तोल सुधारण्यासाठी कमरेला बांधायचा सेन्सर आपण नुकताच घेतला असेल, तर आकड्यांआधी पट्ट्याकडे लक्ष द्यावे. त्यातील त्वरणमापक (वेगातील बदल टिपणारा भाग) आणि जायरोस्कोप (वळण्याचा वेग टिपणारा भाग) धडाचे डोलणे मोजतात. त्यामुळे पट्टा सैल कुर्त्यावरून बांधल्यास शरीराऐवजी कापडाचीच हालचाल नोंदली जाते. मी पहिले आठ दिवस नेमके हेच केले आणि प्रकृती बिघडत चालल्याचा समज करून घेतला. क्लिनिकमध्ये फोमच्या गादीवर डोळे मिटून 30 सेकंद उभे राहण्याची चाचणी होते, तेव्हा मागे थेरपिस्ट असतात. घरी भिंतीचा कोपरा आणि पुढ्यात जड खुर्ची असली, तरी एकटे असताना डोळे मिटू नयेत. नजर स्थिर ठेवण्याच्या व्यायामात हातातील कार्डावरच्या अक्षरावर नजर रोखून मान डावीउजवीकडे वळवताना अक्षर धूसर झाले, की वेग कमी करावा, मग सेन्सरचे अ‍ॅप काहीही सांगो. तोल ढळताच थरथरणारा पट्टा सुरुवातीला आधार देतो, परंतु त्याची सवय जडते. म्हणून थेरपिस्टांना विचारून व्यायामाच्या काही फेऱ्या ही थरथर बंद ठेवून कराव्यात. कूस बदलताना क्षणभर खोली गरगरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. अंतर्कर्णातील कॅल्शियमचे कण सरकले असल्यास एप्ली पद्धतीने डोके वळवून ते जागेवर आणावे लागतात, आणि तिथे सेन्सरचा काही उपयोग नसतो.