जुनी स्पोर्ट्‌स कार आणि नागपूरचं ऊन : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत जुन्या, वेगवान गाड्यांबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. बहुतेकांना हवी आहे ती जास्त ताकद: चिप, फिल्टर, मोठा टर्बो. आमचं मत वेगळं आहे. पंधरा-वीस वर्षं झालेल्या गाडीवर पहिला पैसा कूलिंग, रबर आणि टायर यांवर जावा. ताकद तिच्यात आधीपासून आहे. ती टिकली तर वापरता येईल.

प्रश्न : माझ्याकडे २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो. हायवेवर काहीच त्रास नाही, पण एप्रिल लागला की सिग्नलवर काटा चढून राहतो. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, नागपुरात त्याचं कामच नाही. काढू का?
— एक वाचक, मानेवाडा

काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची वाट उघडणारी झडप. तो साधारण ८७ अंशांना उघडायला लागतो आणि इंजिन गरम झाल्यावर तसाही उघडाच असतो, त्यामुळे तो काढून सिग्नलवरचं तापमान कमी होत नाही. उलट थंडीत आणि हायवेवर इंजिन कधी पुरेसं तापतच नाही, कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो आणि तेलातली वाफ उडून न गेल्यामुळे चिकट काळा गाळ धरतो. याच इंजिनात तो गाळ चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यातल्या) तेलाच्या जाळीवर बसला की तेलाचा दाब पडतो आणि सर्वांत आधी टर्बो जातो.

तुमच्या तक्रारीतच अर्धं निदान आहे. धावताना थंड आणि उभी राहिली की गरम, म्हणजे हवा कमी पडते आहे: पंखा किंवा जाम झालेली जाळी. हायवेवर गरम आणि उभी असताना ठीक, असं असतं तर पाण्याचा प्रवाह तपासायला सांगितलं असतं.

इंजिन चालू करून एसी लावा. दोन्ही पंखे हळू वेगात लगेच फिरायला हवेत. ते गप्प असतील आणि इंजिन खूप तापल्यावर एकदम मोठ्या आवाजात सुरू होत असतील, तर हळू वेगाचं सर्किट मेलेलं आहे. पंख्यातला रेझिस्टर, पंख्याचं कंट्रोल मॉड्यूल किंवा फ्यूज, या क्रमाने पाहा. एसीवर फिरतात पण एसी बंद असताना फिरत नाहीत, तर रेडिएटरवरचा तीन पिनांचा थर्मो-स्विच बदला. तो पहिला वेग ९२ ते ९७ अंशांच्या दरम्यान आणि दुसरा ९९ ते १०५ च्या दरम्यान सुरू करतो.

पंखे ठीक असले तर पुढची जाळी उघडून घ्या. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत आपल्या सिमेंट रस्त्यांची भुकटी, कडुलिंबाची पानं आणि किड्यांचा थर बसतो. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. पंख्याचं आवरण काढून इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळीने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप लावला तर पत्रे दुमडतात.

आणखी एक. या गाडीचा काटा खरं बोलत नाही. पाणी साधारण ७५ ते १०५ अंशांत कुठेही असलं तरी तो ९० वरच उभा राहतो, म्हणजे तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला) लावायचा साधा स्कॅनर घ्या आणि खरा आकडा पाहा. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये १०० ते १०५ चालेल. ११० च्या वर गेलं तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, गाडी बाजूला. कूलंटच्या टाकीची कॅपही बदला. तिच्या दाबामुळेच कूलंट १०० ला न उकळता १२० च्या पुढे उकळतं. कॅप सैल झाली की सिलिंडर हेडमध्ये जागोजागी उकळी फुटते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

कूलंट गुलाबी किंवा जांभळं, जी१२ प्लस जातीचं, निम्मं डिस्टिल्ड पाण्यात. बोअरचं पाणी अजिबात नको. जुनं लाल जी१२ आणि निळं-हिरवं जी११ एकत्र झालं की तपकिरी चिखल होतो. भरताना हीटर गरमवर, कॅप उघडी आणि पंखे एकदा फिरून बंद होईपर्यंत इंजिन आयडलवर, तरच हवा निघते. हेडच्या बाजूची प्लास्टिकची फ्लँज (कूलंटच्या नळ्या जोडायचा तुकडा) आणि टेम्परेचर सेन्सर त्याच वेळी बदला. दोन्ही स्वस्त आहेत, आणि ती फ्लँज तडकतेच.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद आहे का? नसेल तर उद्याच बदला. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो आणि काही पंपांचं पातं प्लास्टिकचं असतं, ते दांड्यावर सैल होऊन नुसतं घसरतं. बेल्ट, टेन्शनर, त्याचा हायड्रॉलिक डॅम्पर, रोलर आणि धातूच्या पात्याचा पंप असा पूर्ण संच घ्या. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग हेडचं काम निघतं.

प्रश्न : मुंबईत २००७ ची पोर्शे बॉक्सटर मिळते आहे, फक्त १९ हजार किलोमीटर चाललेली. इतकी कमी चाललेली गाडी सोडू नये असं वाटतं. काय तपासू?
— एक वाचक, धरमपेठ

कमी किलोमीटर या गाडीचा गुण नाही. एवढ्या वर्षांत १९ हजार म्हणजे ती बहुतेक काळ उभी होती, आणि उभ्या गाडीचे सील सुकतात, इंजिनात ओल धरते. ७० हजार चाललेली, दरवर्षी तेल बदलल्याची बिलं असलेली गाडी आम्ही आधी पाहू.

सगळीकडे वाचायला मिळणारी भीती म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या टायमिंगच्या साखळ्या फिरवणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग. २००६ ते २००८ च्या इंजिनांत ते मोठं आहे आणि कमी मरतं, पण इंजिन पूर्ण न फोडता ते बाहेर काढता येत नाही. म्हणून 'बदलून देतो' असं कुणी सहज म्हणालं तर सावध व्हा. (२००९ च्या नव्या इंजिनांत ही शाफ्टच नाही.) करायचं ते असं: ऑइल फिल्टरचा कागद कापून घडी उघडा आणि चुंबक फिरवा. लोखंडाचे चमचमते कण आले तर सौदा तिथेच संपला. इंजिन ३.४ लिटरचं, म्हणजे बॉक्सटर एस असेल, तर सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का ते एंडोस्कोपने बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. थंड इंजिन सुरू करताना ढगासारखा पांढरा धूर येऊन रेंगाळत असेल, किंवा आयडलवर तेलाची कॅप ओढूनही निघत नसेल, तर ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणारा भाग) गेला आहे. तो दुरुस्त होतो, भावात धरा.

नागपूरला आणल्यावर पहिलं काम पुढचा बंपर उतरवण्याचं. रेडिएटर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, बंपरच्या जाळीमागे आहेत आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. तिथे मूठ-मूठ पानं निघतात. दरवर्षी होळीच्या आधी हे करून घ्या. छताच्या दोन्ही बाजूंचे पाणी जायचे ड्रेन जूनच्या आधी मऊ नायलॉनच्या तारेने मोकळे करा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर आतली नळी सुटते. ड्रेन तुंबला की पाणी सीटखाली येतं, तिथे किल्ली ओळखणाऱ्या इमोबिलायझरचा डबा आहे, आणि तो भिजला की गाडी तुम्हालाच ओळखत नाही.

बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी बसली तर फ्यूज बॉक्समधला लाल टर्मिनल बाहेर ओढा, दुसऱ्या बॅटरीची प्लस त्याला आणि मायनस दाराच्या उघड्या धातूला लावा. एवढ्या करंटवर डिकी उघडते. अशाने इंजिन सुरू करायला जाऊ नका.

कागदांचं विसरू नका. १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण, फिटनेस आणि राज्याचा पर्यावरण कर लागतो. केंद्राच्या दरानुसार देशी कारच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये, तर आयात म्हणून नोंदलेल्या कारला ४०,००० रुपये, आणि २० वर्षांपुढे दोन्ही दुप्पट. मालकाकडची आरसी कधीपर्यंत वैध आहे ते भाव ठरवण्याआधी बघा.

प्रश्न : गाडी आठ महिने बेसमेंटमध्ये उभी आहे. पेट्रोल ई२० चं आहे. सरळ सेल्फ मारू का?
— एक वाचक, वर्धा रोड

नाही. आधी बॉनेट उघडून उंदरांनी काय केलं ते बघा: वायरी, बॉनेटखालचं पांघरूण, एअर फिल्टरचा डबा. बेसमेंटमध्ये हे पहिलं नुकसान असतं, आणि कुरतडलेल्या वायरवर सेल्फ मारला तर धूर निघू शकतो.

ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. आपल्या पावसाळ्यानंतर अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि पंप पहिल्यांदा तेच उचलतो. टाकी रिकामी करून घ्या, फिल्टर बदला, १० लिटर ताजं पेट्रोल टाका. पंप चालू असताना प्रत्येक रबरी नळीवर बोट फिरवा. ओलसर किंवा चिकट लागली तर नळी गेली. नवी घेताना त्यावर 'एसएई जे३० आर९' छापलेलं बघून घ्या, साधी नळी इंजेक्शनचा दाब झेलत नाही. पूर्ण ई२० चालेल अशा साहित्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. त्याआधीच्यांना नळ्या, ओ-रिंग आणि पंप यांवर लक्ष ठेवावं लागेल.

मग बॅटरी: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. निम्म्यावर सेल्फ न मारता चार्ज करा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा. पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलची जोडणी काढून दहा सेकंद सेल्फ फिरवा म्हणजे तेल वर चढेल. नंतर सगळं जोडून सुरू करा आणि रेस अजिबात देऊ नका. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते पण बदला.

पुढच्या वेळी आठवड्यातून एकदा २० किलोमीटर चालवा. जागच्या जागी पाच मिनिटं सुरू ठेवण्याने तोटाच होतो, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तेल गरम होत नाही.

प्रश्न : टायरची नक्षी नव्यासारखी आहे. त्यावर ०८१६ लिहिलंय. समृद्धीवर १२० ने शिर्डीला जायचं आहे, चालेल?
— एक वाचक, जरीपटका

नाही. ०८१६ म्हणजे २०१६ चा आठवा आठवडा. नक्षी झिजली नाही कारण गाडी चालली नाही, रबर मात्र दरवर्षी नागपूरच्या उन्हात शिजलं. सहा वर्षांपुढचा टायर समृद्धीसारख्या लांब, न थांबता धावायच्या काँक्रीटवर आम्ही नेणार नाही. कमी उंचीच्या टायरमध्ये हवा थोडी कमी असली तरी बाजूची भिंत सतत दुमडते, आतून तापते आणि फुटते. नवे टायर घालताना व्हॉल्व्ह पण नवे घाला. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. तापलेल्या टायरची वाढलेली हवा कमी करू नका, थंड झाल्यावर तो कमी हवेचा होतो. नायट्रोजनने बिघडत नाही, पण जुना टायर त्याने नवा होत नाही.

प्रश्न : शहरात दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही. मजा कुठे घ्यायची?
— एक वाचक, प्रतापनगर

समृद्धीवर तर नाहीच. सरळ रस्त्यावर तुमची गाडी आणि शेजाऱ्याची नवी सेदान सारखीच. जुन्या स्पोर्ट्‌स कारची गंमत वळणात आहे: स्टिअरिंगमधून हाताला येणारा रस्ता, हलकं अंग, तिसऱ्यातून दुसऱ्यात पडताना इंजिनचा बदललेला सूर. त्यासाठी ८० चा वेग पुरतो. सौसरच्या पुढे सातपुडा चढून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता एका सकाळीत होतो. परतवाड्याहून चिखलदरा हा पूर्ण दिवसाचा बेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, उजाडताना निघायचं.

पाण्याचा काटा वर आला म्हणजे तेल तापलं असं नाही, त्याला आणखी दहा-बारा किलोमीटर लागतात. तोवर ३,००० आरपीएमच्या खाली राहा. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक, गिअर आधीच खाली, वळणात हलका आणि एकसारखा ॲक्सिलरेटर. बॉक्सटरसारख्या मध्ये इंजिन असलेल्या गाडीत वळणाच्या मधोमध पाय एकदम उचलला तर मागची बाजू निसटते, पावसात तर हमखास. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ लाही उकळू शकतं, आणि उकळलं की पेडल सरळ खाली जातं. परतल्यावर टर्बो गाडी मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा.

प्रश्न : आवाज येण्यासाठी मागचा सायलेन्सर काढून टाकला तर?
— एक वाचक, सीताबर्डी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि पोलिसांचा दंड, दोन्ही ओढवून घ्याल. पिकअप वाढणार नाही. पैसे नव्या इंजिन माउंटिंगवर घाला.

प्रश्न : सॅन स्टॉर्म या दोन आसनी कारच्या बॉडीला दाराजवळ तडा गेलाय. डेंटर लांबी (पुट्टी) भरून देतो म्हणतो.
— एक वाचक, हिंगणा रोड

लांबी महिन्यात फुटेल, कारण ही बॉडी पत्र्याची नसून फायबरची आहे आणि तडा आतल्या काचतंतूंच्या मॅटपर्यंत गेलेला असतो. आधी दाराच्या बिजागरीचे बोल्ट आणि त्यामागची चासी तपासा. तिथे गंज किंवा ढिलाई असली तर तडा पुन्हा येणारच. मग तड्याची दोन्ही टोकं ३ मिमी ड्रिलने थांबवा. आतल्या बाजूने, जाडीच्या दहा-बारा पट रुंद असा उतार घासून काढा आणि ॲसिटोनने पुसा. ३०० ग्रॅमच्या फायबर मॅटचे तीन-चार थर द्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा, मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट पॉलिएस्टर रेझिन घेऊन. कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं द्रव) नेहमी १ ते २ टक्के, पण आपल्या मे महिन्यात १ टक्काच आणि काम सकाळी आठच्या आत, नाहीतर डब्यातच घट्ट होईल. दुकानदार कोबाल्टची वेगळी बाटली देत असेल तर ती आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, कॅटॅलिस्ट त्यानंतर. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत ओतलं तर पेट घेतं. रंग आठवड्याने, आणि हे काम पावसाळ्यात काढू नका.