गुडघेदुखीचा महिन्याचा खर्च: कात्री कुठे लावायची

ताई, तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: सासूबाई ६७ वर्षांच्या, घर वडोदऱ्यात दांडिया बाजारात पहिल्या मजल्यावर, दोन्ही गुडघ्यांची झीज. गोळ्या, मलम, फिजिओ मिळून महिन्याला पाचेक हजार जातात आणि आता एमआरआय व वंगणाचं इंजेक्शन सुचवलंय.

आधी एमआरआय. झिजेच्या निदानाला तो सहसा लागत नाही. पन्नाशीनंतर सांध्यातली गादी (मेनिस्कस) फाटलेली, दुखणं नसलेल्या गुडघ्यातही दिसते, आणि मग त्या रिपोर्टपायी दुर्बिणीच्या ऑपरेशनपर्यंत गाडी जाते, ज्याचा झिजेला उपयोग नाही. एक्स-रे पुरतो, पण उभं राहून काढलेला. झोपवून काढला तर सांध्यातली फट खरी आहे त्यापेक्षा चांगली दिसते आणि पुन्हा पैसे भरावे लागतात.

सांध्यांसाठी म्हणून घेतात ती ग्लुकोसामाइनची पाकिटं बंद करायला हरकत नाही. वंगणाच्या इंजेक्शनवर तर मी एक रुपया घालणार नाही. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही दोन्हींना नकार आहे. स्टेरॉइडचं इंजेक्शन वेगळं. त्याने काही आठवडे आराम पडतो, पण वरचेवर नको, आणि गुडघाबदलीचं ऑपरेशन तीन महिन्यांत ठरणार असेल तर अजिबात नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

मलमाचं गणित कुणी सांगत नाही. डायक्लोफेनॅक जेल एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून ३-४ वेळा लागतं. ३ ग्रॅम तीनदा धरलं तरी दोन गुडघ्यांना दिवसाला १८ ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. म्हणून लोक वाटाण्याएवढं लावतात, महिनाभर चोळतात आणि 'गुण नाही' म्हणून गोळीवर जातात. दुखणं उसळेल तेव्हा पूर्ण मात्रेत दोन आठवडे लावा, मग थांबवा. वरून शेकू नका. जन औषधी केंद्रात ब्रँडेडपेक्षा बरंच स्वस्त मिळतं.

खर्च वाढवणारी खरी चीज म्हणजे रोजची वेदनाशामक गोळी. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि ही, तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडावर ताण येतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्या आणि डॉक्टरांना तिन्ही पाकिटं दाखवा. एटोरिकॉक्सिब या वेदनाशामकाने बीपीही चढतं.

फिजिओ मात्र तोडू नका, फेऱ्या कमी करा. व्यायाम एकदा नीट शिकून घेतला की घरी करता येतो: पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून १० सेकंद धरायचं, १० वेळा, मग गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचलायचा, तेवढंच. फरक दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, उंची मनगटाच्या घडीपर्यंत. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, हा खर्च टाळू नका.

ऑपरेशनची वेळ आलीच तर लक्षात ठेवा, सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये किंमत बांधली ती फक्त कृत्रिम सांध्याची (साध्या कोबाल्ट-क्रोमियमला तेव्हा ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा). खोली, सर्जन, भूल, बोन सिमेंट यांवर ती मर्यादा नाही. बिलात सांध्याचं नाव, कंपनी आणि किंमत वेगळी लिहून घ्या, त्याचे स्टिकर फाइलमध्ये राहू द्या. विमा कंपनी तेच मागते. नवी पॉलिसी घेतली तर गुडघाबदलीला बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणून दोन गोष्टी आजच बघा: कुटुंब गुजरातच्या पीएमजेएवाय-माँ या सरकारी आरोग्य योजनेत (आयुष्मान भारत) बसतं का, आणि नसेल तर सासूबाईंना सत्तरी कधी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं व त्यापुढच्या कुणालाही उत्पन्न न बघता आयुष्मानचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. दुखणं तोवर आटोक्यात राहिलं तर थांबणं परवडेल. रात्रीची झोप उडाली किंवा पाय वाकडा होत चालला तर थांबू नका, सरकारी सयाजी हॉस्पिटलच्या हाडांच्या ओपीडीत दाखवा. आयुष्मान योजनेत डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचाच खर्च धरतात, पुढचा फिजिओ तुमच्या खिशातून.

सासूबाईंचा विमा नसेल तर उपचारांच्या खर्चावर ५०,००० रुपयांपर्यंत आयकरात वजावट मिळते, जुन्या करपद्धतीत. ती तुमच्या यजमानांना घेता येईल, तुम्हाला नाही, कारण कायद्यात सासू 'पालक' धरलेली नाही. रोखीतली बिलं चालत नाहीत, तेव्हा मेडिकलवाल्याला यूपीआयने, तेही यजमानांच्या खात्यातून पैसे द्या.