‘त्यांचं मांस आपल्याला चालतं ना?’ – जायला निघालेल्या एका भावाला उत्तर

भाऊ, वा अलैकुम अस्सलाम.

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि यात आपण पडायचं नाही असं ठरवून आडवी झाले. झोप काही लागली नाही, म्हणून लिहायला बसलेय. तुम्ही म्हणता, युरोपात नोकरी लागलीय, बायको आणि दोन मुलं बरोबर येतील, थोरली सहा वर्षांची. ‘अहले किताबचं (ज्यू-ख्रिश्चनांचं) अन्न हलाल आहे असं कुरआनातच आहे, मग तिथल्या सुपरमार्केटमधलं मांस खायला हरकत काय? अम्मी ऐकायला तयार नाहीत.’ आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, ‘तिकडे एकटं वाटतं का हो?’

व्हिसा, विमा, घरभाडं यावर मी काही सांगणार नाही, ते सगळं सरकारी कागदांत मिळतं. एकटेपणाचं म्हणाल तर, वाटतं. पहिली दोन वर्षं जास्त, मग सवय होते. झालं. आता मांसाकडे येऊ.

तुम्ही म्हणता ती सूरह माइदाची पाचवी आयत. ज्यांना किताब मिळाली त्यांचं अन्न तुम्हाला हलाल आणि तुमचं त्यांना हलाल. इथे ‘अन्न’ म्हणजे जबीहा, रीतीप्रमाणे कापलेल्या जनावराचं मांस, हा अर्थ पैगंबरांचे चुलतभाऊ इब्ने अब्बास यांच्यापासून चालत आलाय आणि सुन्नी आलिम (धर्मपंडित) तोच धरतात. धान्य, फळं तर कुणाच्याही हातची चालतात, त्यासाठी किताबवाल्यांचं वेगळं नाव घ्यायची गरजच नव्हती. (बहुतेक शिया आलिमांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ‘अन्न’ म्हणजे धान्यधुन्यच, सुरी मुसलमानाच्याच हातात हवी.) अरबस्तानातल्या खैबरला एका ज्यू बाईने भाजलेली बकरी आणून दिली आणि पैगंबर रसूलुल्लाह (स.) यांनी ती खायला घेतली. तिच्यात विष निघालं ही गोष्ट निराळी. ज्यूच्या घरचं मांस म्हणून हात मागे घेतला नव्हता.

इथवर तुमचं बरोबर आहे. पण त्याच सूरहची तिसरी आयतही वाचा. मुरदार (आपोआप मेलेलं), रक्त, डुक्कर, दुसऱ्या कुणाच्या नावाने कापलेलं, गळा आवळून मेलेलं, मार बसून मेलेलं, उंचावरून पडून मेलेलं, हे सगळं हराम. पाचव्या आयतीतली सूट फक्त कापणाऱ्याच्या धर्मापुरती आहे, जनावर कसं मेलं ते माफ नाही. ख्रिश्चनाने कापलं म्हणून डुक्कर जसं हलाल होत नाही, तसंच.

आता सुपरमार्केटमधली कोंबडी घ्या. मोठ्या कारखान्यात तिला पायाने उलटी टांगतात, साखळी पुढे सरकते, डोकं वीज सोडलेल्या पाण्यात बुडतं, मग मान फिरत्या पात्यावरून जाते. कुठे पाण्याऐवजी गॅस असतो. गुरांच्या कपाळात बोल्ट मारतात. उद्देश जनावराला शुद्धीवर ठेवायचं नाही हा, तो काही वाईट नाही. पण आपला प्रश्न असा की पातं लागलं तेव्हा ते जिवंत होतं का. काही कोंबड्या विजेनेच मरतात. १९९७ मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीने नेमकं याच कारणाने कोंबड्यांना विजेचा झटका देणं नामंजूर केलं. आणि कापणारा कोण म्हणाल, तर बटण दाबणारा ख्रिश्चन असेल, कसलाही धर्म न मानणारा असेल, आणखी कुणी असेल. पाकिटावर हे छापत नाहीत. देश ख्रिश्चनांचा म्हणून मांसही ख्रिश्चनाच्या हातचं, असं धरून चालणारे आलिम आहेत. न चालणारेही आहेत.

खरी गंमत तर आमच्या घरात झाली. माझं माहेर शाफई, सासर हनफी, म्हणजे सुन्नींच्याच धर्मकायद्याचे दोन वेगळे मजहब (पंथ). शाफई मजहबात कापताना बिस्मिल्ला म्हणणं सुन्नत आहे, राहिलं तरी मांस हलाल. हनफींमध्ये विसरला तर माफ, पण जाणूनबुजून गाळलं तर हराम. म्हणजे मी सैल आणि नवरा कडक, असं वाटेल. पण शाफईंच्या किताबांत ‘ख्रिश्चन कुणाला म्हणायचं’ यावर कडक अट आहे. त्यांचे पूर्वज त्या धर्मात केव्हा आले इथपर्यंत मागे जातात. हनफी तिथे सैल, स्वतःला ख्रिश्चन म्हणवतो ना, मग झालं. आता दोघांनी आपापली सूट घेतली असती तर घर सुखाने जेवलं असतं. आम्ही काय केलं? त्याचं बिस्मिल्लाचं कडक माझ्यावर आलं, माझं पूर्वजांचं कडक त्याच्यावर गेलं, आणि दोन्हीकडचं कडक तेवढं घरात उरलं. पहिले आठ महिने आम्ही मासे आणि अंडी खाल्ली. माशाला जबीहा लागत नाही, म्हणून त्यावर भांडण नव्हतं.

तुमचा प्रश्न नवा नाही, हे ऐकून बरं वाटेल. १९०३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालहून कुणीतरी इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांना तीन प्रश्न पाठवले. इथे हॅट घातली तर चालेल का? इथले ख्रिश्चन गुराला कुऱ्हाड मारून मग बिस्मिल्लाशिवाय कापतात, ते खावं का? आणि शाफई माणसाने हनफी इमामामागे नमाज पढावी का? अब्दुहनी तिन्हींना हो म्हटलं आणि इजिप्तच्या वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर तुटून पडले. त्यांच्या आधी सातशे वर्षं, अंदलुसचे (मुस्लिम स्पेनचे) काझी अबू बक्र इब्नुल अरबी तर म्हणून गेले होते की ख्रिश्चनाने मान पिरगाळलेली कोंबडीसुद्धा चालेल, कारण ते त्यांचं अन्न आहे. बाकीच्या आलिमांनी ते उचलून धरलं नाही. मला मात्र त्या ट्रान्सवालच्या माणसाचं राहून राहून वाटतं. टोपी, मांस आणि शेजारी उभं राहून पढायची नमाज. परक्या मुलखात गेलेल्या माणसाचे तीनच प्रश्न आणि त्यातला तिसरा आपल्याच माणसांबद्दलचा.

ज्यूंचं मांस त्या मानाने सोपं. त्यांचा शोहेत (नेमलेला कापणारा) धारदार सुरीने गळा कापतो, सुरुवातीला देवाचं नाव घेतो, आणि त्यांचे कर्मठ लोक जनावराला आधी बेशुद्ध करू देत नाहीत. हलाल मिळत नसेल तिथे बरीच मुस्लिम घरं कोशर, म्हणजे ज्यूंच्या नियमांत बसणारं, मांस घेतात. हनफी मात्र विचारतील की दुआ दर जनावरामागे की एकदाच. (बहुधा एकदाच.) आणि कोशरचा शिक्का मांसावर बघा, बाकी डब्यांवर त्याच्या भरवशावर राहू नका, त्यांना वाइन चालते. उलट आपण कापलेलं त्यांना त्यांच्या कायद्याने चालत नाही. आपल्या आयतीत ‘तुमचं अन्न त्यांना हलाल’ असलं तरी.

ज्या देशात जाताय तिथला कायदा आधी बघून घ्या. स्वित्झर्लंडमध्ये गुरं-मेंढ्या बेशुद्ध न करता कापायला १८९३ पासून बंदी आहे, तेव्हा रोख ज्यूंवर होता. बेल्जियमच्या फ्लँडर्स आणि वालोनिया या दोन भागांत २०१९ मध्ये बंदी आली, ज्यू आणि मुस्लिम दोघेही कोर्टात गेले. २०२० मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयात हरले आणि २०२४ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही. अशा ठिकाणी ‘हलाल’ पाटीचं मांस एक तर बाहेरून येतं, नाहीतर आधी विजेचा झटका दिलेल्या किंवा बेशुद्ध केलेल्या जनावराचं असतं. तेव्हा पाटी दिसली की प्रश्न संपला असं नाही. खाटकाला दोनच गोष्टी विचारा: हाताने की यंत्राने, आणि आधी विजेचा झटका देतात का. रागावला तर दुसरा खाटीक शोधा.

आता शाळा. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमची थोरली सहा वर्षांची आहे म्हणून सांगते.

माझा मुलगा सहाचा होता तेव्हा शाळेच्या जेवणाचा फॉर्म आला. चार चौकोन होते: सर्व काही, डुक्कर नको, शाकाहारी, ॲलर्जी. हलालचा चौकोन नव्हता. ‘डुक्कर नको’वर खूण केली तर कोंबडी ताटात येणार. खाली दोन ओळींची मोकळी जागा होती, तिथे मी लिहायला घेतलं आणि भाषा अडली. जबीहाला तिकडच्या भाषेत काय म्हणायचं, दोन ओळींत कसं बसवायचं. शेवटी ‘शाकाहारी’वर खूण केली आणि सही केली. इतकं सोपं वाटलं तेव्हा.

तीन वर्षांनी सहल निघाली, डबा घरून आणायचा होता. मी हलाल कोंबडीचे तुकडे तळून दिले, त्याला फार आवडायचे. बाईंनी सगळ्या मुलांसमोर डबा काढून घेतला, कारण त्यांच्या यादीत तो शाकाहारी होता. त्याला ब्रेड आणि काकडी दिली. संध्याकाळी मला बोलावून घेतलं आणि फार गोड आवाजात विचारलं, फॉर्मवर चुकीची माहिती का दिलीत? मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, मग बदलायला धर्मसंस्थेचं पत्र आणा. मशिदीत गेले. इमामसाहेबांनी विचारलं, पत्रात कुठलं हलाल लिहू, हाताचं की यंत्राचं? विजेचा झटका दिलेलं चालतं की नाही? मला रडू यावं की हसू तेच कळेना. पत्र मिळायला पाच आठवडे लागले. शाळेने ते घेतलं, शिक्का मारला आणि कळवलं की हलाल मांस आमच्याकडे नसतंच, तेव्हा मुलाची नोंद शाकाहारी अशीच राहील.

बाईंची चूक नव्हती, असं नवरा आजही म्हणतो. यादीप्रमाणे वागल्या. मला ते पटतं आणि तरी त्यांचं तोंड आठवलं की आत काहीतरी पेटतं. मुलाने त्यानंतर शाळेत डबा नेला नाही. आता पंधराचा आहे. मित्रांकडे जेवतो आणि मी काही म्हटलं की पाचवी आयत म्हणून दाखवतो, अर्थासकट. तुमच्यासारखाच.

म्हणजे तुम्ही ‘खाऊ का’ असं विचारताय आणि मी तुम्हाला हो म्हणत नाहीये, नाहीही म्हणत नाहीये. तुमच्या मजहबच्या, त्याच देशात राहिलेल्या आलिमांना विचारा, म्हणजे त्यांना कारखाने माहीत असतील. पण विमानात बसायच्या आधी बायकोशी बोलून घ्या. अम्मींशी नंतर बोललात तरी चालेल. दोघांचं ठरू द्या आणि जे ठरेल ते मुलांना एकाच शब्दात सांगता यायला हवं, कारण त्यांना ते परक्या भाषेत दुसऱ्याला सांगावं लागतं.

एकटेपणाचं मी वर उडवून लावलं. एक गोष्ट सांगते आणि थांबते.

आम्ही आलो त्याच वर्षी थंडीत धाकटी झाली. नवऱ्याची रात्रपाळी, मदतीला कुणी नाही. समोरच्या घरात एक म्हातारी राहायची, दारावर लाकडी क्रूस. चौथ्या दिवशी तिने बेल वाजवली. हातात निळं एनॅमलचं भांडं, कडेला टवका उडालेला, वरून टॉवेल बांधलेला. आत मांसाचा रस्सा, वाफाळता. मी आभार मानले, दार लावलं आणि ते भांडं ओट्यावर ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे. दोन दिवस धड जेवले नव्हते. वास घरभर पसरला. मग बाथरूममध्ये नेऊन ओतलं. कचऱ्यात टाकलं असतं तर खालच्या सामाईक डब्यात तिला दिसलं असतं. तुकडे जाईनात, तीनदा पाणी सोडलं.

रसूलुल्लाह (स.) यांचे साथी अबू सअलबा यांची हदीस मला तेव्हाही पाठ होती. त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांना विचारलं होतं की आम्ही अहले किताबच्या मुलखात राहतो, त्यांच्या भांड्यांत जेवावं का? दुसरी मिळाली तर नको, नाही मिळाली तर धुऊन घ्या आणि खा, असं उत्तर मिळालं होतं. मी भांडं चांगलं घासून धुतलं. परत देण्यासाठी.

तिला विचारता आलं असतं, मांस कसलं, कुठून आणलंस. एका वाक्याचा प्रश्न होता आणि तेवढी भाषा मला येत होती. कदाचित ते मला चाललं नसतंच. पण मी विचारलं नाही. भांडं दिलं आणि म्हटलं, फार छान झालं होतं. तिने विचारलं, मीठ बरोबर होतं ना? मी म्हटलं, अगदी बरोबर. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा घेऊन आली.