वाचकांचे प्रश्न: ७२ची परीक्षा ६ आणि १२ने का होत नाही?

मोठ्या संयुक्त संख्यांच्या विभाज्यतेच्या कसोट्या मुलांना कशा शिकवाव्यात, याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: मी सहावी-सातवीला गणित शिकवते. ७२ची कसोटी विचारली की काही मुलं ६ × १२ अशी फोड करतात आणि दोन्हींनी भाग गेला की ‘७२ने भाग जातो’ असं लिहून मोकळी होतात. ८ आणि ९ घ्या म्हटलं, तर ‘६ आणि १२ का नाही?’ असं विचारतात. ‘सहमूळ नाहीत म्हणून’ एवढ्यानं त्यांचं समाधान होत नाही. – एक शिक्षिका, कळवा

उत्तर: मुलांची शंका रास्त आहे. ‘सहमूळ’ हा शब्द नंतर येऊ दे, आधी फळ्यावर ३६ लिहा. ३६ला ६ने भाग जातो, १२नेही जातो, पण ७२ने जात नाही, हे कसोटी न लावताच दिसतं. आता त्याची फोड करा: २ × २ × ३ × ३. ६ला हवेत एक २ आणि एक ३. १२ला हवेत दोन २ आणि एक ३. दोघांनाही हवं ते सापडलं खरं, पण ६ने दाखवलेला २च १२नेही दाखवला. एकाच तिकिटावर दोघांनी प्रवास करावा तसं झालं. ७२ला तीन २ आणि दोन ३ हवेत, तेही सगळे वेगवेगळे. ८ आणि ९ यांच्यात १ सोडून सामाईक अवयवच नाही, म्हणजेच त्या सहमूळ आहेत, त्यामुळे तिथे एकच अवयव दोनदा मोजला जात नाही.

लसावि झालेला असेल तर हेच जास्त नेमकं सांगता येतं. एखाद्या संख्येला दोन संख्यांनी भाग जातो, म्हणजे त्या दोघींच्या लसाविने भाग जातो. गुणाकाराने जाईलच असं नाही. ६ आणि १२चा लसावि १२. म्हणजे १२ची कसोटी झाल्यावर ६ची कसोटी लावून नवं काहीच कळत नाही. ४ आणि ६चा लसाविही १२च, म्हणून २४साठी ही जोडी चालत नाही. ३ आणि ६चा लसावि ६, म्हणून १८साठी ती चालत नाही. ८ आणि ९चा मात्र ७२.

वहीत एक सवय लावा. भाजकाचे मूळ अवयव लिहायचे आणि सारख्या अवयवांभोवती मिळून एकच गोल काढायचा. ३६० = २×२×२ × ३×३ × ५. गोल तीन, म्हणून कसोट्या तीन: ८, ९ आणि ५. गोल फोडायचा नाही. मुलं चुकतात ती इथेच. काही जण ८चा गोल फोडून २ आणि ४ करतात. काही जण प्रत्येक मूळ अवयव एकेकदाच तपासतात, म्हणजे ७२साठी २ आणि ३. ही प्रत्यक्षात ६चीच कसोटी झाली.

वर्गातलं एखादं मूल हमखास विचारेल: ६ने भागून जो भागाकार आला, त्याला १२ने भागलं तर? ते अगदी बरोबर आहे. ४३२ ÷ ६ = ७२ आणि ७२ ÷ १२ = ६, म्हणून ४३२ला ७२ने भाग जातो. ३६ ÷ ६ = ६, आणि ६ला १२ने भाग जात नाही, म्हणून ३६ बाद. भागाकार केला की वापरलेले अवयव संख्येतून निघून जातात. मूळ संख्येवरच दोन्ही कसोट्या लावल्या की ते जागच्या जागी राहतात आणि दोनदा मोजले जातात. या फरकासाठी एक तास गेला तरी चालेल, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ३६०साठीही याच वाटेने काम सोपं होतं: शेवटी ० आहे का बघा, असेल तर तो पुसा आणि उरलेल्या संख्येला ४ आणि ९च्या कसोट्या लावा.

प्रश्न: सरावाचे पेपर काढताना मी ७२ला कशानेही गुणून संख्या देतो. मुलं सगळीकडे ‘हो’ लिहितात आणि गुण मिळवतात. मुलाचं नेमकं कुठे अडलंय हे कळेल असे प्रश्न कसे काढावेत? – क्लासचालक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: ‘नाही’ उत्तराच्या संख्या मुद्दाम घडवाव्या लागतात, आणि प्रत्येक संख्येला नापास होण्याचं कारण वेगळं असायला हवं. ७२साठी हा संच वापरून पाहा: ४१९७६, ४१७९६, ४१९८४, ४१६९४.

पहिलीच्या अंकांची बेरीज २७ आणि शेवटचे तीन अंक ९७६ = ८ × १२२, म्हणून भाग जातो. दुसरीत तेच अंक आहेत, फक्त ९ आणि ७ची अदलाबदल केली आहे. बेरीज २७च राहते, त्यामुळे ९ला फरक पडत नाही. पण ७९६ला ८ने भाग जात नाही. हिला ६ आणि १२ने मात्र भाग जातो, म्हणजे चुकीची फोड करणारं मूल इथे सापडतं. तिसरी ८मध्ये पास (९८४ = ८ × १२३), पण बेरीज २६, म्हणून ९मध्ये नापास. चौथी दोन्हींत नापास होते, पण बेरीज २४ असल्यामुळे ३ने भाग जातो. २ आणि ३वर थांबणारं मूल तिला ‘हो’ म्हणतं. कोणत्या संख्येवर चुकलं एवढं पाहिलं, तरी काय शिकवायचं राहिलं ते समजतं.

संचात आणखी दोन संख्या घाला. एक ४५०००, ८ची कसोटी म्हणून. शेवटचे तीन अंक ००० पाहून बरीच मुलं ‘शून्याला भाग कसा जाईल?’ म्हणून ‘नाही’ लिहितात. शून्याला ८ने निःशेष भाग जातो, हे एकदा स्पष्ट सांगावं लागतं. दुसरी ९०८२७, ११ची कसोटी म्हणून. एकाआड एक अंकांच्या बेरजा २४ आणि २, फरक २२. ‘फरक ० आला तरच’ असं पाठ केलेलं मूल इथे अडतं.

गाळलेल्या अंकांचा एक प्रश्नही द्या: ७□३६□ या संख्येला ७२ने भाग जातो, तर चौकटींतले अंक कोणते? आधी ८ बघायचा, कारण त्यात एकच चौकट येते. ३६०ला ८ने भाग जातो, म्हणून शेवटचा अंक ० किंवा ८. ० घेतला तर बाकी अंकांची बेरीज १६, पहिल्या चौकटीत २, संख्या ७२३६०. ८ घेतला तर बेरीज २४, चौकटीत ३, संख्या ७३३६८. उत्तरं दोन आहेत. मुलं पहिल्यावरच थांबतात. ९पासून सुरुवात केली, तर दोन चौकटींच्या जोड्यांचं जंगल होतं.

प्रश्न: ७, ११ आणि १३साठी तीन-तीन अंकांचे गट करून वजाबाकी करायची, असं मुलीला शिकवलंय. तिची उत्तरं कधी बरोबर येतात, कधी चुकतात. रीतच कच्ची आहे का? – एक पालक, ऐरोली

उत्तर: रीत पक्की आहे. ७ × ११ × १३ = १००१. हजार म्हणजे १००१ला एक कमी, म्हणून हजारांचा गट वजा होतो. दहा लाखांचा गट पुन्हा अधिक, आणि असंच आलटून पालटून. तुमच्या ऐरोलीचाच पिनकोड घ्या: ४००७०८. ७०८ – ४०० = ३०८, आणि ३०८ = ४ × ७ × ११. म्हणजे पिनकोडला ७ आणि ११ने भाग जातो, १३ने जात नाही. शेवटचे दोन अंक ०८, म्हणून ४नेही जातो. ४, ७ आणि ११ एकमेकांशी सहमूळ आहेत, तेव्हा पूर्ण ३०८ने भाग जायलाच हवा, आणि जातोही: ४००७०८ = ३०८ × १३०१. ठाण्याच्या ४००६०१ला हीच रीत लावली तर २०१ येतात, आणि २०१ला तिघांपैकी कोणीच भागत नाही.

सहा अंकांच्या पुढे मुलं चुकतात, आणि बहुतेक वेळा ती स्वल्पविरामामुळे. आपण ५४,३६,०६७ असं लिहितो: लाख, हजार, मग शेवटचे तीन. मूल स्वल्पविरामालाच गट समजतं आणि ६७ – ३६ + ५४ = ८५ करतं. ८५ला ७नेही भाग जात नाही, १३नेही नाही. खरे गट उजवीकडून तीन-तीन अंकांचे: ५ | ४३६ | ०६७. आता ६७ – ४३६ + ५ = –३६४, आणि ३६४ = ९१ × ४. म्हणजे ७ आणि १३ दोन्हींनी भाग जातो. मुलीला सांगा, आधी स्वल्पविराम खोडायचे, मग उजवीकडून उभ्या रेघा मारायच्या. उत्तर ऋण आलं की घाबरायचं नाही. चिन्ह सोडून द्यायचं आणि भाग जातो का ते बघायचं.

प्रश्न: १७, १९, २३, २९, ३१ अशा सगळ्यांच्या युक्त्यांचा तक्ता मुलाला पाठ करायला दिला आहे. त्याचा उपयोग आहे का? – एक पालक, वाशी

उत्तर: पाठ करण्याइतका नाही. तक्ता कसा बनतो ते मात्र जरूर समजून घ्यावं. १९ला २०चा शेजार आहे, म्हणून एककाचा अंक काढून त्याची दुप्पट उरलेल्या संख्येत मिळवायची. १७ × ३ = ५१, म्हणून एकक काढून त्याची पाचपट वजा करायची. एवढं कळलं की ३१साठी तिप्पट वजा करायची, हे मूल स्वतःच सांगेल.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. या रीतीत भाग जातो की नाही एवढंच कळतं, बाकी कळत नाही. १५ला ७ने भागलं तर बाकी १; पण ७च्या रीतीने (एकक काढून त्याची दुप्पट वजा करायची) १ – १० = –९ येतात, आणि त्यांची बाकी वेगळी, ५. अंकांच्या बेरजेने ९ची किंवा १००१च्या गटांनी ७ची बाकी मात्र टिकते. दुसरं असं की, कसोटी भागाकारापेक्षा लवकर होत असेल तरच ती कामाची. ४५५२६ला २२१ने भाग जातो का, हे १३ आणि १७च्या युक्त्यांनी पाहायला तीन-तीन, म्हणजे सहा पायऱ्या लागतात. सरळ भागाकार तीन पायऱ्यांत संपतो: २०६.

प्रश्न: कापरेकरांच्या ६१७४ने भाग जातो का हे तपासायची कसोटी आहे का? – आठवीचा विद्यार्थी, ठाणे पूर्व

उत्तर: छान संख्या निवडलीस. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यातच झालं. पुढे ते देवळालीला शिक्षक होते. ६१७४ = २ × ९ × ३४३, आणि ३४३ = ७ × ७ × ७. गोल तीन. २ आणि ९ सोपे आहेत, ३४३साठी मात्र सोयीची कसोटी नाही. ७ची कसोटी त्याच संख्येवर तीनदा लावून उपयोग नाही: १२६ सम आहे, तिला ९ने आणि ७ने भाग जातो, पण ३४३ने नाही. म्हणून भागत जायचं. ५५५६६ घे: सम आहे, अंकांची बेरीज २७. मग ५५५६६ ÷ ७ = ७९३८, ७९३८ ÷ ७ = ११३४, ११३४ ÷ ७ = १६२. तिन्ही वेळा निःशेष, म्हणून ६१७४ने भाग जातो.

कापरेकरांची क्रिया म्हणजे चार अंक (सगळे सारखे नसलेले) उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करायची, आणि ६१७४ येईपर्यंत उत्तरावर पुन्हा तेच. ती करताना ९ची कसोटी चूक पकडायला कामी येते. १९४७ घेतलेस तर ९७४१ – १४७९ = ८२६२, मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. वजाबाकीतल्या दोन्ही संख्यांत अंक तेच असल्यामुळे दोन्हींची ९ने बाकी सारखीच असते, म्हणून प्रत्येक उत्तराला ९ने भाग जायलाच हवा. इथे पाचही उत्तरांच्या अंकांची बेरीज १८ आहे. बेरजेला ९ने भाग जात नसेल, तर त्याच ओळीतली वजाबाकी पुन्हा कर.